लिऑन थेरेमिन

लिऑन थेरेमिन (मूळ रशियन नाव: लेव्ह सेर्गेयेविच तेरमेन, जन्म: २७ ऑगस्ट, इ.स. १८९६, सेंट पीटर्सबर्ग. मृत्यू: ३ नोव्हेंबर, इ.स. १९९३, मॉस्को) हे रशियन भौतिकशास्त्रज्ञ, अभियंते व वाद्यसंशोधक होते. स्पर्श न करता वाजवल्या जाणाऱ्या 'थेरेमिन' या वाद्याचे जनक म्हणून ते प्रसिद्ध आहेत. त्यांनी १९३१ च्या सुमारास तयार केलेले 'ऱ्हिदमिकॉन' हे यंत्र जगातील पहिले इलेक्ट्रॉनिक तालयंत्र मानले जाते. आज संग्राहक जी जुनी इलेक्ट्रॉनिक तालवाद्ये जपतात आणि दुरुस्त करून वाजवतात, त्यांच्या परंपरेचा आरंभ या यंत्रापासून सांगितला जातो.

सुरुवातीचे जीवन

थेरेमिन यांना लहानपणापासून विज्ञान आणि संगीत या दोन्ही विषयांची ओढ होती. त्यांनी चेलो या तंतुवाद्याचे रीतसर शिक्षण घेतले व विद्यापीठात भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्राचा अभ्यास केला. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांना लष्करात रेडिओ अभियांत्रिकीचे प्रशिक्षण मिळाले. रशियन राज्यक्रांतीनंतर ते पेत्रोग्राद येथे अब्राम योफे यांच्या भौतिक-तांत्रिक संस्थेत संशोधन करू लागले.

थेरेमिन वाद्य

वायूंचे विद्युत गुणधर्म मोजण्याचे उपकरण तयार करताना, हात उपकरणाच्या जवळ नेला की त्यातून निघणारा ध्वनी बदलतो, असे त्यांच्या ध्यानात आले. मोजमापातील या अडथळ्यातूनच १९२० च्या सुमारास नवे वाद्य जन्मले. या वाद्यात अतिशय उच्च वारंवारतेची दोन विद्युत आंदोलने निर्माण केली जातात. त्या दोहोंच्या वारंवारतेतील फरक स्वररूपाने ऐकू येतो. वादकाचा एक हात उभ्या दांडीजवळ सरकला की स्वर चढतो वा उतरतो. दुसरा हात आडव्या कडीजवळ आणल्यास आवाज लहानमोठा होतो. पट्टी, पडदा किंवा तार यांपैकी कशाचाही आधार नसल्याने स्वर केवळ कानाने नेमका साधावा लागतो.

१९२२ मध्ये थेरेमिन यांनी क्रेमलिनमध्ये लेनिन यांना हे वाद्य वाजवून दाखवले. सोव्हिएत संघाच्या विद्युतीकरणाच्या मोहिमेला ते साजेसे असल्याने त्याचे देशभर प्रयोग झाले. याच दशकात थेरेमिन यांनी दूरचित्रवाणीच्या आरंभीच्या उपकरणांवरही संशोधन केले.

अमेरिकेतील वास्तव्य

युरोपचा दौरा करून थेरेमिन १९२७ च्या अखेरीस न्यूयॉर्कला पोहोचले. १९२८ मध्ये त्यांना वाद्याचे अमेरिकी पेटंट मिळाले. पुढे आरसीए कंपनीने हे वाद्य बाजारात आणले. परंतु ते वाजवायला अवघड होते, आणि १९२९ च्या शेअर बाजारातील पडझडीनंतर मंदीही आली. परिणामी सुमारे ५०० नगांवर उत्पादन थांबले. याच नगांतील वाचलेली वाद्ये आज संग्राहकांना मोलाची वाटतात. क्लारा रॉकमोर यांनी या वाद्यावर असामान्य प्रभुत्व मिळवले आणि गंभीर संगीतात त्याला स्थान मिळवून दिले.

न्यूयॉर्कमधील कार्यशाळेत थेरेमिन यांनी अनेक प्रयोग केले. नर्तकाच्या हालचालींतून स्वर निर्माण करणारा 'टर्प्सिटोन' हा मंच त्यांपैकी एक होय. नृत्यांगना लॅव्हिनिया विल्यम्स यांच्याशी त्यांनी विवाह केला.

ऱ्हिदमिकॉन

अमेरिकन संगीतकार हेन्री कॉवेल यांना अनेक लयी एकाच वेळी वाजवायच्या होत्या. मानवी वादकांकडून ते अचूक होणे जवळजवळ अशक्य होते, म्हणून त्यांनी थेरेमिन यांना यंत्र तयार करण्यास सांगितले.

या यंत्रात फिरत्या तबकड्यांच्या छिद्रांतून प्रकाश प्रकाशविद्युत घटावर पडे व त्यातून स्वराचे आघात निर्माण होत. त्याला १७ पट्ट्या होत्या. एका आवर्तनात पहिली पट्टी एक आघात देई, दुसरी दोन, तिसरी तीन, याप्रमाणे सोळावी पट्टी सोळा आघात देई. भारतीय संगीताच्या परिभाषेत सांगायचे तर बरोबरी, दुगुन, तिगुन, चौगुन या लयी एकमेकींत न अडखळता एकाच वेळी चालत. शिवाय प्रत्येक पट्टीचा स्वरही मूळ स्वराच्या त्याच पटीत चढलेला असे. त्यामुळे लय आणि स्वर यांच्यामागे एकच गणित आहे, हे ऐकणाऱ्याला प्रत्यक्ष जाणवे. सतरावी पट्टी जादा आघात घालून लय तिरकी करण्यासाठी होती.

जानेवारी १९३२ मध्ये न्यूयॉर्क येथे हे यंत्र जाहीरपणे सादर झाले. कॉवेल यांनी त्यासाठी वाद्यवृंदासह 'ऱ्हिदमिकाना' ही रचना केली होती. मात्र तिचा पहिला प्रयोग १९७१ मध्ये, कॉवेल यांच्या मृत्यूनंतर, संगणकाच्या साहाय्याने झाला.

अटक व गुप्त संशोधन

१९३८ मध्ये थेरेमिन एकाएकी सोव्हिएत संघात परतले. पत्नी मात्र अमेरिकेतच राहिल्या. त्यांना बळजबरीने नेण्यात आले असे काहींचे मत आहे, तर कर्जबाजारीपणामुळे ते स्वतःहून गेले असे इतर अभ्यासक मानतात. १९३९ मध्ये त्यांना अटक झाली व आठ वर्षांची शिक्षा होऊन त्यांची रवानगी कोलिमा येथील श्रमछावणीत झाली. पाश्चात्त्य जगात ते मरण पावल्याचा समज पसरला.

पुढे त्यांना कैदी शास्त्रज्ञांसाठीच्या गुप्त प्रयोगशाळेत हलवण्यात आले. विमानरचनाकार आंद्रेई तुपोलेव हेही अशाच प्रयोगशाळेत कैदी होते. या काळात थेरेमिन यांनी बॅटरी किंवा तारांशिवाय चालणारे श्रवणयंत्र बनवले. बाहेरून सोडलेल्या रेडिओलहरींवर ते चाले. अमेरिकेच्या राजमुद्रेच्या लाकडी प्रतिकृतीत दडवलेले हे यंत्र १९४५ मध्ये मॉस्कोतील अमेरिकी राजदूतांना भेट देण्यात आले. ते १९५२ पर्यंत त्यांच्या निवासस्थानी कोणाच्याही लक्षात न येता राहिले. संगीतासाठी वापरलेले ज्ञान येथे हेरगिरीच्या कामी आले. थेरेमिन यांना १९४७ मध्ये स्टालिन पारितोषिक देण्यात आले व त्याच वर्षी त्यांची सुटका झाली.

उत्तरायुष्य

१९६० च्या दशकात थेरेमिन मॉस्को संगीत विद्यालयात काम करू लागले. तेथे त्यांनी जुन्या वाद्यांच्या सुधारित आवृत्त्या बनवल्या. त्यांनी नवा ऱ्हिदमिकॉनही याच दशकात तयार केला. १९६७ मध्ये एका अमेरिकी वृत्तपत्राने ते हयात असल्याची बातमी दिली. तिचा परिणाम उलटाच झाला. त्यांची नोकरी गेली आणि तेथील वाद्ये मोडून टाकण्यात आली. त्यानंतर त्यांनी मॉस्को विद्यापीठात काम केले. नातेवाइकांपैकी लिदिया काविना या मुलीला त्यांनी हे वाद्य शिकवले व ती पुढे नामवंत वादक झाली. १९९१ मध्ये ते पुन्हा अमेरिकेला गेले आणि क्लारा रॉकमोर यांना भेटले. वयाच्या ९७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

वारसा

रॉबर्ट मूग यांनी तरुणपणी थेरेमिन वाद्ये बनवूनच व्यवसायाला सुरुवात केली व पुढे त्यांचा सिंथेसायझर जगभर पोहोचला. तालयंत्रांच्या क्षेत्रात १९५९ मधील वुर्लिट्झर कंपनीचे 'साइडमन', १९८० मधील रोलँड टीआर-८०८ आणि षट्कोनी पृष्ठभागांचा सिमन्स कंपनीचा इलेक्ट्रॉनिक ड्रमसंच यांनी ऱ्हिदमिकॉननंतरचे टप्पे गाठले. साइडमनमध्येही फिरत्या तबकडीचीच युक्ती होती. मात्र आघात प्रकाशाऐवजी विद्युतस्पर्शाने मिळत.

मूळ ऱ्हिदमिकॉनपैकी एक निकोलास स्लोनिम्स्की व जोसेफ शिलिंगर यांच्याकडून स्मिथसोनियन संस्थेत पोहोचला. मॉस्कोत बनवलेला ऱ्हिदमिकॉन तेथील थेरेमिन सेंटरमध्ये जपण्यात आला. चामड्याचे तालवाद्य बिघडले तर कारागीर नवी पुडी चढवू शकतो. इलेक्ट्रॉनिक वाद्याचे तसे नसते. त्याचे सुटे भाग बनणे थांबते आणि त्याची जुळणी जाणणारी माणसेही जातात. थेरेमिन यांचे कार्य दीर्घकाळ विस्मृतीत राहिल्याने ही हानी अधिक झाली. त्यांची वाद्ये आज ऐकता येतात, यामागे ती जपणाऱ्या, उघडून समजून घेणाऱ्या व पुन्हा वाजती करणाऱ्या व्यक्तींचे मोठे योगदान आहे.