डासाच्या पोटात मलेरिया शोधणारे डॉ. रोनाल्ड रॉस कोण होते?

२० ऑगस्ट हा जागतिक डास दिन. १८९७ मध्ये याच दिवशी डॉ. रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादमध्ये डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला.

डासांवर संशय का?

रॉस यांचा जन्म १८५७ चा, अल्मोड्याचा. ओढा साहित्याकडे, पण वडिलांच्या आग्रहामुळे ते डॉक्टर झाले. तेव्हा मलेरिया दूषित हवेमुळे होतो, असा समज होता. १८९४ मध्ये लंडनला पॅट्रिक मॅन्सन यांनी त्यांना रक्तातले परजीवी दाखवले आणि डासांवरचा संशय बोलून दाखवला.

शोध कसा लागला?

रुग्णाला डास चावू द्यायचे, मग त्यांची पोटं चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. दोन वर्षं हाती काहीच लागलं नाही, कारण डासांची जातच चुकीची होती. अखेर ठिपकेदार पंखांचे अ‍ॅनोफिलीस डास मिळाले. हुसेन खान या रुग्णाचं रक्त प्यायलेल्या अशा डासाच्या जठराच्या भिंतीत परजीवी दिसला.

चाव्यातून काय होतं?

लगेच बदली झाली आणि काम रखडलं. १८९८ मध्ये कोलकात्यात त्यांनी पक्ष्यांवर प्रयोग केले. परजीवी डासाच्या लाळग्रंथीत पोहोचतो आणि चाव्यावेळी लाळेतून शरीरात शिरतो, हे सिद्ध झालं. माणसांमधलं चक्र इटलीच्या ग्रासी यांनी उलगडलं. श्रेयावरून दोघांत कडवट वाद झाला. १९०२ चं नोबेल मात्र एकट्या रॉस यांना मिळालं. १९३२ मध्ये त्यांचं निधन झालं.

आता प्रयोगशाळेत डासाला बारीक तार चिकटवून हाच चावा विजेच्या संकेतांवरून नोंदवला जातो.