सेमाफोरवाला डायक्स्ट्रा

डायक्स्ट्रा म्हटलं की सगळ्यांना 'शॉर्टेस्ट पाथ' आठवतो. ओरलला तेवढंच विचारतात ना! पण मला विचाराल तर तो अल्गोरिदम म्हणजे त्याच्या आयुष्यातली किरकोळ गोष्ट. १९५६ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये होणाऱ्या बायकोबरोबर खरेदी करून दमल्यावर कॉफी पिताना त्याला तो वीसेक मिनिटांत सुचला, तोही कागद-पेन्सिलीशिवाय. मला भारी वाटतं ते त्याचं दुसरं काम. आपल्याकडे कंपायलर आणि ऑपरेटिंग सिस्टीम हे वेगवेगळे धडे. त्याच्या डोक्यात मात्र प्रश्न एकच होता : प्रोग्रॅमला काय करू द्यायचं, आणि त्यावर पहारा कोणी ठेवायचा?

एड्सगर डायक्स्ट्रा जन्मला ११ मे १९३० ला, हॉलंडमधल्या रॉटरडॅम शहरात. वडील रसायनशास्त्रज्ञ, आई गणिती. लायडनला फिजिक्स शिकता शिकता केंब्रिजला प्रोग्रॅमिंगचा कोर्स केला आणि गडी बिघडला. १९५७ साली लग्नाच्या कागदावर धंदा 'प्रोग्रॅमर' असा लिहायला गेला, तर असा काही धंदा नसतो म्हणून तो नामंजूर झाला!

त्याच सुमारास एक्स-१ नावाच्या नव्या मशिनमध्ये इंटरप्ट येणार असं ठरलं. आपण इंटरप्टची व्याख्या पाठ करून मोकळे होतो, पण डायक्स्ट्रा चक्क घाबरला. कारण साधं आहे. इंटरप्ट कोणत्या क्षणी येईल सांगता येत नाही, म्हणजे आज दिसलेला बग उद्या पुन्हा दिसेलच असं नाही. मग तो शोधायचा कसा? शेवटी त्यानेच इंटरप्ट हँडलर लिहिला आणि १९५९ साली त्याच कामावर पीएच.डी. मिळवली. पुढच्याच वर्षी झोनेवेल्डबरोबर त्याच मशिनवर अल्गॉल ६० चा कंपायलर लिहिला. तो पूर्ण होईपर्यंत दाढी करायची नाही असं दोघांनी ठरवलं होतं म्हणे. डायक्स्ट्राची दाढी नंतरही राहिलीच.

१९६२ साली तो आइंडहोवेनला प्रोफेसर झाला. तिथे सहा जणांनी, तेही अर्धवेळ काम करून, टीएचई ही ऑपरेटिंग सिस्टीम बांधली. मेमरी किती? ३२ के शब्द, आणि जोडीला ५१२ के शब्दांचा ड्रम. पेजिंग होतं, पण ते हार्डवेअर करत नव्हतं. कंपायलरच कोडमध्ये सिस्टीमचे कॉल घुसवायचा आणि लागेल ते पान ड्रमवरून मेमरीत आणलं जायचं. युजरला भाषा एकच, अल्गॉल ६०. तिच्यात पॉइंटर नाहीच, त्यामुळे दुसऱ्याच्या मेमरीत हात घालायचा पत्ता लिहायची सोयच नाही. म्हणजे अर्धी ऑपरेटिंग सिस्टीम कंपायलरमध्येच बसली होती म्हणा ना!

बाकीची सिस्टीम थरांची. सगळ्यात खाली प्रोसेसरची वाटणी, वर मेमरी, मग ऑपरेटरचा कन्सोल, मग इनपुट-आउटपुट, त्यावर युजर. वरच्या थराने खालच्यावर भरवसा ठेवायचा, आणि खालचा थर तपासून झाला की वरचा रचायचा. प्रोसेसेस एकमेकींत घुसू नयेत म्हणून सेमाफोर. रेल्वेचा हात खाली-वर होणारा जुना सिग्नल असतो ना, नाव त्याचंच. आणि पुस्तकातले ते पी आणि व्ही डच शब्दांवरून आलेत, म्हणून इंग्रजीत त्यांचा अर्थ लागत नाही. १९६८ साली त्याने हे सगळं छापलं. चाचणीत सापडल्या त्या फक्त कोडिंगच्या किरकोळ चुका, इंटरप्टची भीती उरली नाही.

पण विभागातल्या गणितज्ञांना हे आपलं काम वाटेना. गट पांगला आणि डायक्स्ट्रा कित्येक महिने निराशेत गेला. त्यातून बाहेर यायला त्याने १९६९ मध्ये लिहायला घेतलं, ते लिखाण म्हणजे स्ट्रक्चर्ड प्रोग्रॅमिंगवरच्या त्याच्या प्रसिद्ध नोट्स. १९७२ ला ट्यूरिंग अवॉर्ड मिळालं.

सेमाफोर वापरायला धोक्याचा, एक व्ही विसरला की सगळं ठप्प. म्हणून होअर आणि ब्रिंच हान्सेन यांनी १९७० च्या दशकात मॉनिटर आणला, आणि ब्रिंच हान्सेनने तो थेट भाषेतच घातला : कॉन्करंट पास्कल. जावामधला सिंक्रोनाइज्ड त्याच घराण्यातला. बाजी मात्र मारली १९७३ साली सी मध्ये लिहिलेल्या युनिक्सने. सी कुठल्याही पत्त्यावर बिनधास्त जाऊ देते, पहारा हार्डवेअरचा. खुद्द कर्नलवर मात्र कोणाचाच नाही. २०२२ मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये रस्टला जागा मिळाली तेव्हा मला वाटलं, गाडी फिरून आइंडहोवेनच्या स्टेशनावर आली.

१९८४ ते १९९९ तो टेक्सासला ऑस्टिनमध्ये शिकवत होता. आयुष्यभर फाउंटन पेनने सुबक अक्षरात नोट्स लिहून तो मित्रांना झेरॉक्स पाठवायचा. अशा १३०० च्या वर. शेवटची एप्रिल २००२ ची, आणि ६ ऑगस्टला तो न्यूनेनच्या घरी गेला. टेक्सास विद्यापीठाने त्या स्कॅन करून ठेवल्यात. १३०३ नंबरची नोट त्याच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या आठवणींची आहे. सबमिशनच्या गडबडीतून वेळ काढून तेवढी वाचाच.