नामदार गोखले : बोललेल्या शब्दाची जबाबदारी



सचोटी म्हटली की आपल्याला राजा हरिश्चंद्र आठवतो. पण राज्य सोडण्याची वेळ आपल्यापैकी कुणावर येत नाही. आपल्यासमोर रोज येतात त्या लहान गोष्टी : वर्गात मित्राची खोटी हजेरी लावणे, प्रयोगवहीत उत्तराला जुळतील असे आकडे लिहिणे, ऐकलेली बातमी खात्री न करता चार जणांना सांगणे. आपल्या शाळेतून महाविद्यालयात गेलेल्या आणि जाणाऱ्या मुलामुलींनी याचा विचार करावा, म्हणून या अंकात नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे चरित्र थोडक्यात सांगत आहे.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कागल येथे नोकरीला होते. १८७९ मध्ये वडील वारले आणि घर उघड्यावर पडले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून पंधरा रुपये पगाराची नोकरी धरली. त्यातले आठ रुपये ते दरमहा कोल्हापूरला शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवीत. गोपाळ हाताने स्वयंपाक करून राहत असे. त्या दिवसांतली एक गोष्ट त्यांच्या चरित्रांत सांगितली जाते. एक मित्र त्यांना नाटकाला घेऊन गेला आणि नंतर त्याने तिकिटाचे दोन आणे मागितले. गोपाळने वाद घातला नाही. दिव्याच्या तेलाचे पैसे वाचवून त्याने ते आणे फेडले आणि तेवढे दिवस रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला.

१८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी. ए. झाले. तेव्हा पदवीधराला सरकारी नोकरीची वाट मोकळी होती. घरच्यांनाही तीच आशा असणार. पण ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले, पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले आणि फर्ग्युसन कॉलेजात १९०२ पर्यंत त्यांनी शिकवले. पगार होता पंचाहत्तर रुपये. याच काळात न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना सार्वजनिक कामाचे शिक्षण दिले. रानडे त्यांच्याकडून निवेदने आणि टिपणे लिहून घेत, एकेक आकडा तपासून घेत, मनासारखे उतरेपर्यंत पुन्हा लिहायला लावीत.

एवढे शिक्षण मिळूनही १८९७ मध्ये त्यांचा पाय घसरला. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते इंग्लंडला गेले होते. त्यांची साक्ष उत्तम झाली. त्याच सुमारास पुण्यात प्लेगची साथ होती आणि गोरे सैनिक घराघरांत शिरून तपासणी करीत होते. लोकांचे हाल खरे होते. पुण्याहून मित्रांची पत्रे आली, त्यांत सैनिकांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केल्याचे लिहिले होते. मित्रांवर विश्वास ठेवून गोखल्यांनी हा आरोप इंग्लंडमध्ये जाहीरपणे केला. मोठी खळबळ उडाली. मुंबई सरकारने पुरावा मागितला.

जुलैअखेर ते परत आले. तोवर पुण्याचे प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, लोकमान्य टिळकांना अटक झाली होती आणि शहरात भीतीचे वातावरण होते. गोखल्यांनी पुरावा शोधण्याचा प्रयत्न केला, पण पुढे येऊन सांगायला कुणी तयार नव्हते. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे सांगितली असती तर दोष त्यांच्यावर गेला असता. गोखल्यांनी नावे सांगितली नाहीत. आपण सिद्ध करू न शकणारा आरोप आपणच केला, एवढे मान्य करून त्यांनी ऑगस्टमध्ये जाहीर आणि बिनशर्त माफी मागितली.

याची किंमत त्यांना मोजावी लागली. सरकारी गोटात ते अविश्वासू ठरले आणि आपल्या लोकांनी त्यांना भित्रा म्हटले. त्या वर्षी अमरावतीला भरलेल्या काँग्रेसमध्येही वातावरण त्यांच्या विरुद्ध होते. ते खचले, पण काम सोडून बसले नाहीत. पुण्यात प्लेग पुन्हा आला तेव्हा ते स्वयंसेवकांबरोबर मदतीला उभे राहिले.

लोकांचा विश्वास त्यांनी परत मिळवला. १८९९ मध्ये ते मुंबईच्या कायदेमंडळावर निवडून गेले आणि १९०२ पासून केंद्रीय कायदेमंडळात बसू लागले. त्यांचे पहिलेच अंदाजपत्रकावरचे भाषण गाजले. सरकारच्या तिजोरीत शिल्लक पडते आणि गरिबाच्या मिठावर मात जड कर आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवले. ही मागणी ते पुढेही करीत राहिले. १९०३ मध्ये मिठावरचा कर मणाला अडीच रुपयांवरून दोन रुपये झाला, १९०७ पर्यंत तो एक रुपयावर आला. त्यांचा आकडा खोडणे अधिकाऱ्यांना अवघड जाई.

१९०५ मध्ये त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी ते बनारस काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक त्यांनी मांडले. ते १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी, ते गेले. आयुष्यभर ज्यांच्याशी मतभेद झाले त्या टिळकांनी स्मशानात त्यांना श्रद्धांजली वाहिली. गांधीजी त्यांना आपले राजकीय गुरू मानत.

मित्रांनो, गोखल्यांकडे चांगला हेतू होता आणि पत्रे लिहिणारे विश्वासाचे होते. तरीही खात्री करणे राहून गेले. आज मोबाइलवर आलेला निरोप पुढे पाठवताना आपलाही हेतू बहुधा चांगलाच असतो. तो पाठवण्याआधी एकदा विचारा, हे मला कसे कळले? आणि चूक झालीच, तर ज्या चार लोकांत बोललो त्याच चार लोकांत ती कबूल करा. मित्राचे नाव पुढे करू नका.

पालकांना एक विनंती आहे. मूल आपणहून चूक सांगायला आले तर आधी त्याचे पूर्ण ऐकून घ्या, मग काय ते रागवा. खरे बोलण्याची किंमत घरातच फार जड झाली, तर बाहेर ती मोजायची हिंमत मुलांना कुठून येणार?