बाबासाहेबांचे गाव कोणते?

एका कार्यकर्ता शिबिरात एका तरुणाने आम्हाला विचारले, बाबासाहेबांचे खरे गाव कोणते? जन्म महूचा, मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे, बालपण दापोली-साताऱ्याचे, उमेदीची वर्षे परळच्या चाळीतली आणि महापरिनिर्वाण दिल्लीतले. पोरगा सहज विचारून गेला, आम्ही मात्र अडखळलो. वकिलीत पक्षकाराकडे आधी रहिवासाचा दाखला मागायची आम्हाला सवय. या महामानवाचा रहिवास एका दाखल्यात मावणारा नाही.

गावाने आम्हाला जागा दिली नव्हती असे नाही. दिली होती, आणि तिथेच मेख आहे. महाराला वतन होते. अरबीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ मायभूमी. आमच्या वाट्याला मात्र गावकुसाबाहेरचे राहणे, हाडकी-हाडोळ्याचा तुकडा आणि त्यापोटी सगळ्या घराण्याची पिढीजात राबणूक आली. मयताची वर्दी पोचवा, मेलेले ढोर ओढा, सरकारी अंमलदाराची वेठ करा! १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने इंग्रज सरकारने या गुलामीवर आपला शिक्काही मारला. आजोबा मालोजी आणि वडील सुभेदार रामजी सैन्यात गेले म्हणून हे घराणे त्या चक्रातून सुटले. १४ एप्रिल १८९१ रोजी भीमराव जन्मले ते गावात नव्हे, लष्करी छावणीत. ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते.

पण छावणी संपली की गाव सुरू. १९०१ साली वडिलांना भेटायला गोरेगावला निघालेली ही पोरे मसूर स्टेशनावर उतरली. नीटनेटके कपडे पाहून स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली, आणि जात कळताच तो मागे सरला. दुप्पट भाडे कबूल केल्यावर बैलगाडी मिळाली, तीही पोरांनीच हाकायची. जवळ डबा होता, पण पाणी कोणी देईना.

आणि मग बडोदे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीचा करार पाळण्यासाठी सप्टेंबर १९१७ मध्ये बाबासाहेब तेथे नोकरीवर रुजू झाले. अमेरिका आणि इंग्लंडमधल्या चार वर्षांत आपण अस्पृश्य आहोत हे ते जवळजवळ विसरले होते. बडोदे स्टेशनावर उतरताच पहिला प्रश्न उभा राहिला तो राहायचे कोठे हा. हिंदू खाणावळीत प्रवेश नाही. पारशी नाव धारण करून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. अडगळीच्या सामानाने भरलेला माळा, कंदिलाचा मिणमिणता उजेड, वर वटवाघळे, सोबतीला फक्त पुस्तके. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे ठाकले. संध्याकाळपर्यंत खोली खाली करण्याचा हुकूम झाला. एका हिंदू मित्राकडे विचारले, एका ख्रिस्ती मित्राकडे विचारले. दोघांच्याही घरात जागा निघाली नाही. कोलंबियाचा हा पदवीधर कामाटी बागेत बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला.

ही गोष्ट सांगून डोळे पुसणारे पुष्कळ आहेत. पण २००५ साली काय झाले? पारशांखेरीज कोणालाही सभासद न करण्याचा गुजरातमधल्या एका गृहनिर्माण संस्थेचा नियम सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. आधार घेतला संघटना स्वातंत्र्याचा! नागरी हक्क संरक्षण कायद्याचे कलम ४ अस्पृश्यतेच्या कारणावरून राहते घर नाकारणे हा गुन्हा मानते, हे खरे. पण कारण सांगून घर नाकारतो कोण? दलाल आडनाव विचारतो, मग मटण-मासळी खाता का ते विचारतो, आणि जागा कालच गेली म्हणतो. आम्हीही हे उत्तर ऐकले आहे. कोर्टात ते शाबीत करायचे कसे, ते आम्हाला अजून उमगलेले नाही.

बाबासाहेबांनी घराचा प्रश्न कधी दयेचा होऊ दिला नाही. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्यांनी वतन कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक आणले. पोटाला घालणारे वतन सोडायचे कसे, म्हणून आपलेच काही लोक तेव्हा बिचकले होते, हेही सांगितले पाहिजे. पुढे विधेयक मागे घ्यावे लागले. कनिष्ठ गाववतने नष्ट करणारा कायदा झाला तो १९५८ साली, ते गेल्यानंतर. त्या जमिनी सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ म्हणून आजही दिसतात.

१४ ऑगस्ट १९३१ रोजी मणिभवनात गांधीजींना त्यांनी स्पष्ट सांगितले की आपल्याला मायभूमीच नाही. त्यावरून त्यांना देशद्रोही म्हणणाऱ्यांनी एवढेच पाहावे की त्याच माणसाने पुढे या देशाची घटना घडवली. १९४२ च्या नागपूर परिषदेत स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली. १९४७ च्या राज्ये आणि अल्पसंख्याक या निवेदनात सरकारी पडीक जमिनीवर नवी गावे वसवण्याची योजना त्यांनी मांडली. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी खेड्याच्या गौरवगाथेचा बुरखा फाडला. घटनेत गाव नव्हे, व्यक्ती हा घटक राहिला. देशात कोठेही राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क कलम १९ ने दिला. वतनाने खुंटीला बांधलेल्या माणसाला या हक्काची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

स्वतःचे म्हणून त्यांनी एकच मोठे घर बांधले, दादरचे राजगृह. मगधाच्या राजधानीचे नाव दिलेली ही वास्तू मुख्यतः ग्रंथांसाठी होती. रमाई तेथेच २७ मे १९३५ रोजी गेल्या. ७ जुलै २०२० रोजी याच राजगृहावर तोडफोड झाली.

सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले तेव्हा सरकारी बंगलाही सुटला. दिल्लीतली शेवटची वर्षे अलिपूर रोडवरच्या २६ क्रमांकाच्या घरात गेली, तेही स्वतःचे नव्हते. ६ डिसेंबर १९५६ रोजी तेथेच त्यांचे महापरिनिर्वाण झाले. पार्थिव विमानाने मुंबईला, राजगृहावर आणले गेले. ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून लाखभर लोकांनी चितेसमोर धम्मदीक्षा घेतली. गावकी मागे टाकून गिरणीत, गोदीत, रेल्वेत पोट भरायला आलेली माणसे होती ती.