यादवीचे मूळ शोधणारे इमाम तबरी



मधल्या सुट्टीत वर्गात मारामारी झाली की शिक्षक या नात्याने मला चौकशीस बसावे लागते. सुरुवात कोणी केली, हा माझा पहिला प्रश्न असतो आणि त्याला जितकी मुले तितकी उत्तरे मिळतात. एकाचा सदरा फाटलेला असतो, दुसऱ्याच्या ओठातून रक्त येत असते. पण पहिला धक्का कोणाचा, हे काही केल्या कळत नाही. घटना दहा मिनिटांपूर्वीची, साक्षीदार समोर उभे, तरी ही अवस्था! मग अडीचशे वर्षांपूर्वी पेटलेल्या यादवीची सुरुवात कशी झाली, याचा शोध घ्यायला जो माणूस बसला त्याचे काम किती अवघड असेल, याची आपणच कल्पना करा. शिवाय त्या यादवीत दोन्ही बाजूंना अशी माणसे होती की ज्यांचे नाव आपण आदराशिवाय उच्चारीत नाही. तो शोध घेणारे थोर विद्वान म्हणजे इमाम तबरी होत.

अबू जाफर मुहंमद इब्ने जरीर तबरी यांचा जन्म इ. स. ८३९ च्या सुमारास आमुल या गावी झाला. कॅस्पियन समुद्राच्या दक्षिणेकडील तबरिस्तान प्रांतातले हे गाव आज इराणमध्ये आहे. सातव्या वर्षी त्यांनी कुरआन शरीफ मुखोद्गत केले, आठव्या वर्षी ते नमाज पढवू लागले आणि नवव्या वर्षी हदीस लिहून घेऊ लागले, असे त्यांनी स्वतःच पुढे सांगितल्याचे चरित्रकार लिहितात. बाराव्या वर्षी ते शिक्षणासाठी घराबाहेर पडले. मुलाला तालुक्याच्या वसतिगृहात ठेवताना आपले मन कचरते. तबरींच्या वडिलांनी त्यांना रय शहरी धाडले. ही जागा आजच्या तेहरानजवळ येते. एक गुरू शहरात, दुसरे शहराबाहेरच्या खेड्यात. खेड्यातला पाठ संपला की शहरातला पाठ चुकू नये म्हणून हे विद्यार्थी वेड्यासारखे धावत परतायचे.

पुढे इमाम अहमद इब्ने हंबल यांच्यापाशी शिकावे या ओढीने ते बगदादला निघाले, पण ते पोचण्याच्या थोडे आधीच, इ. स. ८५५ मध्ये, त्या इमामसाहेबांचे निधन झाले होते. मग बसरा, वासित, कूफा. कूफ्यात अबू कुरैब नावाचे मोठे तापट गुरू होते. दारात जमलेल्या पोरांना त्यांनी विचारले की माझ्याकडून लिहून घेतलेले कोणाला पाठ आहे. सगळे एकमेकांकडे पाहू लागले आणि शेवटी त्यांनी तबरींना पुढे ढकलले. तबरींनी जे विचारले ते सर्व म्हणून दाखविले. त्यानंतर त्या दारात त्यांना कधी अडविले गेले नाही.

खर्चाला पैसे गावाकडच्या जमिनीच्या उत्पन्नातून येत. एकदा ते यायला उशीर झाला, तेव्हा त्यांनी अंगरख्याच्या बाह्या उसवून विकल्या आणि पोट भरले. पुढे एका वजिराच्या घरी मुलाला शिकविण्याचे काम मिळाले. मुलगा लिहायला शिकला तेव्हा घरच्या स्त्रियांनी आनंदाने पैशांची तबके पाठविली. तबरींनी ती परत केली, कारण ठरले होते ते वेतन त्यांना मिळतच होते. (हा प्रसंग मी आमच्या शिक्षक खोलीत सांगितला, तेव्हा काही क्षण कोणी बोलले नाही.) शाम आणि मिसर देशांतही ते फिरले, शिकले आणि मग बगदादला स्थायिक झाले. लग्न त्यांनी केले नाही. न्यायाधीशपद देऊ केले असताही नाकारले.

त्यांनी कुरआनचे भाष्य आणि जगाचा इतिहास असे दोन प्रचंड ग्रंथ केले. तीस हजार पानांचा बेत ऐकून शिष्य घाबरले आणि म्हणाले की आयुष्य संपेल पण ग्रंथ संपणार नाही. तेव्हा लोकांची उमेद मेल्याबद्दल हळहळत तबरींनी तो तीन हजारांवर आणला, अशी आख्यायिका आहे. इतिहास त्यांनी इ. स. ९१५ पर्यंत आणून सोडला. मी सांगणार आहे ती गोष्ट या इतिहासातली.

इ. स. ६४४ मध्ये हजरत उस्मान (रजि.) तिसरे खलिफा झाले. ६५६ च्या जून महिन्यात मदिनेत त्यांच्या घराला बंडखोरांनी वेढा घातला आणि आत शिरून त्यांना शहीद केले. त्याच वर्षाच्या अखेरीस बसऱ्याजवळ उंटाची लढाई झाली. तिच्यात एकीकडे चौथे खलिफा हजरत अली (रजि.), तर दुसरीकडे हजरत आयेशा, हजरत तलहा आणि हजरत जुबैर (रजि.) होते. पुढच्या वर्षी हजरत मुआवियांच्या सैन्याशी सिफ्फीनचे युद्ध झाले. या पहिल्या यादवीला अरबीत फितना म्हणतात. तबरींच्या काळी ती कशी सुरू झाली, याचे जे उत्तर आपण द्याल त्यावरून आपण कोणत्या गटाचे, हे लोक ठरवून टाकीत.

तबरींनी केले काय? त्यांनी जुन्या हकीकती गोळा केल्या आणि प्रत्येकीआधी ती कोणी कोणाकडून ऐकली, ती नावे लिहिली. कूफ्याच्या सैफ इब्ने उमर यांची हकीकत त्यांना सरी नावाच्या गृहस्थांकडून पत्राने मिळाली होती, तर तेही त्यांनी पुनःपुन्हा नमूद केले. त्याच घटनेची वाकिदी यांची हकीकत वेगळी असेल, तर तीही पुढे ठेवली. हदीसच्या जाणकारांनी सैफ आणि वाकिदी या दोघांनाही कच्चे साक्षीदार ठरविले होते. तबरींनी दोघांनाही बोलू दिले.

कूफ्याचेच उदाहरण घ्या. तेथील सुभेदार सईद इब्ने आस यांच्या बैठकीत जमिनीवरून बोलणे निघाले. एका हकीकतीप्रमाणे खुद्द सुभेदारच बोलून गेले की इराकची ही सुपीक जमीन म्हणजे कुरैशांची बाग आहे. तलवारीने मिळविलेली जमीन तुमची बाग कशी, असे मालिक अश्तर यांनी सुनावले, आणि मध्ये पडलेल्या पोलीस अधिकाऱ्याला लोकांनी बेशुद्ध पडेपर्यंत मारले. सैफच्या हकीकतीत सुभेदार निर्दोष आहेत. एका तरुण पोराने खुशामतीने म्हटले की नदीकाठची अमुक जमीन आपली असती तर बरे झाले असते, आणि मार खाल्ला तो त्या पोराने व त्याच्या बापाने. मार देणारे तेच, बैठक तीच. अश्तर व त्यांच्या सोबत्यांना शामला पाठविण्यात आले; ते परतले आणि पुढे कूफ्याच्या लोकांनी सुभेदारालाच शहरात येऊ दिले नाही. आता पहिला धक्का कोणाचा? माझ्या वर्गासारखेच झाले की नाही!

पत्राची गोष्ट त्याहून बिकट. मिसरचे तक्रारदार आश्वासन घेऊन मदिनेहून परत निघाले असता वाटेत त्यांनी एक स्वार पकडला. त्याच्याजवळ खलिफांच्या शिक्क्याचे पत्र निघाले आणि त्यात या लोकांना कडक शिक्षा करण्याचा हुकूम होता. ते उलटून आले. हजरत उस्मान (रजि.) यांनी शपथेवर सांगितले की हे पत्र माझे नव्हे. काहींनी त्यांचे नातलग मरवान यांच्याकडे बोट दाखविले. सैफच्या हकीकतीत मात्र हजरत अली (रजि.) बंडखोरांनाच पेचात धरतात. मिसरचे लोक एका वाटेने, कूफा आणि बसऱ्याचे दुसऱ्या वाटांनी गेलेले. मग पत्र सापडल्याचे कळून सगळे एकाच वेळी परत कसे आले? तबरी हे सारे मांडतात आणि स्वतः निकाल देत नाहीत.

खरे सांगतो, प्रथम वाचले तेव्हा मला याचा राग आला होता. एवढा मोठा विद्वान, आणि खरे काय ते सांगून का टाकीत नाही? पुढे वाटू लागले की निकाल दिला असता, तर न पटलेली अर्धी साक्ष त्यांच्या हातूनच नष्ट झाली असती आणि आपल्याला तपासायला काही उरले नसते. ग्रंथाच्या आरंभीच त्यांनी बजावले आहे की एखादी गोष्ट वाचकाला विपरीत वाटली तर ती सांगणाऱ्यांकडून आलेली आहे, मी ती मिळाली तशी पोचविली. तरी त्यांनी सर्वच पोचविले असे नाही. वाकिदींच्या काही गोष्टी ओंगळ वाटल्या म्हणून, तर एके ठिकाणचा पत्रव्यवहार सामान्य लोकांना ऐकवणार नाही म्हणून त्यांनी गाळला. यावर टीका करता येईल, मलाही ते थोडे खटकते. पण गाळले आहे, हे त्यांनी त्याच पानावर लिहून ठेवले.

यादवी त्यांना पुस्तकातूनच ठाऊक होती असेही नाही. ते तरुण असतानाच, ८६१ मध्ये, खलिफा मुतवक्किल यांची त्यांच्याच तुर्की सैनिकांनी हत्या केली, आणि ८६५ मध्ये दोन खलिफांच्या भांडणात बगदादला वेढा पडला.

उतारवयात त्यांना त्रास झाला तो दोन्हीकडून. ९०३ च्या सुमारास ते तबरिस्तानला गेले. तेथे पहिल्या खलिफांची निंदा चाललेली पाहून त्यांनी त्यांची बाजू घेतली आणि त्यांना तेथून निसटावे लागले, असे चरित्रकार सांगतात. बगदादेत उलट त्यांच्यावर शियापंथी असल्याचा आळ आला. त्यात फकीहांच्या मतभेदांवरील ग्रंथात इमाम अहमद इब्ने हंबल यांना त्यांनी फकीह म्हणून न घेता हदीसवेत्ते मानले, यावरून हंबली मंडळी चिडली आणि त्यांच्या घरावर दगडांचा वर्षाव झाला. ज्यांच्या पायाशी बसायला हा मुलगा घर सोडून निघाला होता, त्यांच्याच अनुयायांनी हे करावे!

इ. स. ९२३ मध्ये बगदादेत त्यांचे निधन झाले. त्यांच्या दफनाविषयीही दोन हकीकती आहेत. एका हकीकतीप्रमाणे जमावाच्या भीतीने त्यांना रात्री गुपचूप राहत्या घरातच दफन करावे लागले. दुसरीप्रमाणे अगणित माणसे लोटली आणि कित्येक महिने त्यांच्या कबरीवर रात्रंदिवस नमाज होत राहिली.