प्रफुल्लकुमार सेन

डॉ. प्रफुल्लकुमार सेन (जन्म : ७ डिसेंबर, १९१५, मृत्यू : २२ जुलै, १९८२) हे भारतीय हृदयशल्यचिकित्सक होते. मुंबईतील सेठ गो.सुं. वैद्यकीय महाविद्यालय व के.ई.एम. रुग्णालय ही त्यांची कर्मभूमी होती. १९६८ साली भारतातील पहिले हृदयप्रत्यारोपण त्यांनी केले. तथापि त्यांच्या संशोधनाचा मोठा भाग हृदयाच्या झडपा व रक्तवाहिन्या अरुंद होण्याच्या विकारांशी निगडित होता.

== हृदयशस्त्रक्रिया ==
सेन यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्रशिक्षण घेतले. संधिज्वरामुळे मायट्रल झडप अरुंद झालेले तरुण रुग्ण त्या काळी भारतात मोठ्या संख्येने आढळत. हृदय-फुप्फुस यंत्र उपलब्ध होण्यापूर्वी अशा झडपेची शस्त्रक्रिया हृदय धडधडत असतानाच, आत बोट घालून करावी लागे. १९५० च्या दशकात सेन यांनी अशा शस्त्रक्रिया के.ई.एम. रुग्णालयात केल्या.

== महाधमनीविषयक संशोधन ==
महाधमनीचा छातीतील खालचा किंवा पोटातील भाग अरुंद झाला, की हातांतील रक्तदाब वाढतो, तर पायांतील नाडी क्षीण होते. मूत्रपिंडाच्या धमन्याही अरुंद झाल्यास रक्तदाब आणखी चढतो. या विकारावर सेन यांनी एस.जी. किनरे, जी.बी. परुळकर आदी सहकाऱ्यांसह १९६३ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. अशी अरुंदता निर्माण करणाऱ्या धमनीदाहावरील, १०१ रुग्णांच्या अभ्यासावर आधारित त्यांचा ग्रंथ १९७३ साली प्रकाशित झाला. या दाहाचा एक प्रकार जपानी नेत्रतज्ज्ञ ताकायासू यांच्या नावाने ओळखला जातो.

== हृदयस्नायूंचा रक्तपुरवठा ==
हृदयाच्या स्वतःच्या धमन्या अरुंद झाल्यास त्याच्या स्नायूंना रक्त अपुरे पडते. सरपटणाऱ्या प्राण्यांमध्ये हृदयाच्या पोकळीतील रक्त थेट भिंतीतील स्नायूंना मिळते. त्यावरून सुईने हृदयभित्तीत सूक्ष्म छिद्रे पाडण्याची कल्पना सेन व सहकाऱ्यांनी १९६५ साली मांडली. पुढे लेसर किरणांनी अशी छिद्रे पाडण्याची पद्धत विकसित झाली. तिची पूर्वसूचना या प्रयोगांत मानली जाते.

== हृदयप्रत्यारोपण ==
फेब्रुवारी १९६८ मध्ये सेन यांनी के.ई.एम. रुग्णालयात हृदयप्रत्यारोपण केले. ख्रिस्तियान बर्नार्ड, एड्रियन कँट्रोविट्झ व नॉर्मन शमवे यांच्यानंतर मानवी हृदयाचे प्रत्यारोपण करणारे ते जगातील चौथे शल्यचिकित्सक ठरले. रुग्ण मात्र काही तासांतच दगावला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रयत्नालाही यश आले नाही. शरीराने परके हृदय नाकारू नये यासाठीची औषधे तेव्हा तोकडी होती आणि मेंदूमृत्यूला भारतात कायदेशीर मान्यता नव्हती. ती १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मिळाली. त्याच वर्षी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदयप्रत्यारोपण केले. ते पाहण्यास सेन हयात नव्हते.

== सन्मान ==
भारत सरकारने १९६९ साली त्यांना पद्मभूषण पुरस्काराने गौरविले.