स्क्रीनवर नुसतं ‘अनडिफाइन्ड’ आलं? मग ग्रेस हॉपर यांची गोष्ट वाचाच

समजा तुम्ही चंद्रपूरच्या एखाद्या कारखान्यात स्टोअरला कामाला आहात. आलेल्या मालाची नोंद कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये भरली, सेव्ह दाबलं आणि लाल चौकटीत फक्त ‘अनडिफाइन्ड’ आलं. ट्रकवाला बाहेर घाई करतोय आणि चूक काय झाली ते मशीन सांगतच नाही. अशा वेळी काय करायचं, हे कळायला ग्रेस हॉपर यांचं आयुष्य फार उपयोगी पडतं.

हॉपर यांचा जन्म 9 डिसेंबर 1906 ला न्यूयॉर्कमध्ये झाला. लहानपणी गजराचं घड्याळ कसं चालतं हे बघायला त्यांनी घरातली घड्याळं एकामागून एक खोलून टाकली होती. 1934 मध्ये येल विद्यापीठातून गणितात पीएचडी केली. त्याआधीपासूनच त्या कॉलेजात शिकवत होत्या. दुसऱ्या महायुद्धात नौदलात जायचं ठरवलं, पण वय जास्त आणि वजन कमी. खास परवानगी काढून 1943 मध्ये त्या भरती झाल्याच. नौदलाने त्यांना हार्वर्डला ‘मार्क वन’ या अवाढव्य कम्प्युटरवर पाठवलं.

9 सप्टेंबर 1947 ला तिथल्या ‘मार्क टू’ मशीनमध्ये बिघाड झाला. टीमने मशीन उघडून पाहिलं, तर एका रिलेत पतंग जातीचा किडा अडकलेला. तो त्यांनी वेळेसकट वहीत चिकटवून ठेवला. किडा हॉपर यांनी स्वतः शोधला नव्हता आणि बिघाडाला ‘बग’ म्हणायची पद्धतही त्याआधीची. पण ही गोष्ट जगभर पोचवली ती त्यांनीच. ती वही आजही अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

नंतर त्या खासगी कंपनीत गेल्या आणि 1952 मध्ये ‘ए-झिरो’ हा सुरुवातीच्या कंपायलरपैकी एक तयार केला. पगार, साठा, बिलं सांभाळणाऱ्या माणसांना गणिताच्या खुणा नकोत, साधे शब्द हवेत, हे त्यांनी ओळखलं. त्यातून ‘फ्लो-मॅटिक’ आली आणि 1959 मध्ये तिच्याच पायावर ‘कोबोल’ भाषा ठरवायला सुरुवात झाली. आजही कित्येक बँकांचं काम कोबोलवर चालतं.

याच काळातली एक आठवण त्या सांगायच्या. त्यांनी साहेबांना दाखवलं, की हाच प्रोग्राम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालतो. मशीनला सगळे शब्द सारखेच, फक्त शब्दांची यादी बदलायची. पण अमेरिकेतला कम्प्युटर फ्रेंच, जर्मन समजतो हे साहेबांच्या पचनीच पडलं नाही. शेवटी इंग्रजीवरच राहू, असं हॉपर यांना कबूल करावं लागलं.

आता आपल्या एररकडे येऊ. आजच्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्येही हीच युक्ती असते. प्रोग्राम फक्त मेसेजचा नंबर देतो. त्याचे शब्द भाषेप्रमाणे वेगळ्या यादीत असतात. यादीत तो मेसेज भरलेलाच नसेल, मराठी मजकूर राहून गेला असेल किंवा यादी फोनवर पूर्ण उतरलीच नसेल, तर नुसता नंबर नाहीतर ‘अनडिफाइन्ड’ दिसतं. म्हणजे खरी चूक वेगळीच असते, तिचं वर्णन तेवढं हरवलेलं असतं.

म्हणून मार्क टूच्या टीमसारखं वागा:

1. सेव्ह परत परत दाबू नका. नोंद आधीच झाली असेल तर दोनदा होईल. आधी यादीत बघा.

2. स्क्रीनशॉट घ्या. वेळ, मेसेजचा नंबर आणि तुम्ही काय भरलं होतं ते लिहून ठेवा.

3. भाषा इंग्रजी करून बघा. आता मेसेज नीट दिसला, तर फक्त मराठी मजकूर राहिलाय.

4. भामरागड, एटापल्लीकडे जंगलात रेंज गेली असेल, तर रेंज आल्यावर पान नव्याने उघडा.

5. एवढं करूनही सुटलं नाही, तर सगळं सपोर्टवाल्यांना पाठवा. नुसतं ‘चालत नाही’ म्हटलं तर त्यांनाही काही शोधता येत नाही.

हॉपर 1986 मध्ये 79 व्या वर्षी रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. 1 जानेवारी 1992 ला त्यांचं निधन झालं. मशीनने माणसाच्या शब्दांत बोलावं यासाठी त्या आयुष्यभर झटल्या. गडचिरोलीत मराठी, गोंडी, माडिया बोलली जाते, सिरोंचाकडे तेलुगूही. उद्या तुमच्यापैकी कोणी ॲप बनवलं, तर मेसेजची यादी या भाषांतही पूर्ण भरा. तिथे ‘अनडिफाइन्ड’ वाचून आपलंच काहीतरी चुकलं असं समजणारा माणूस तुमच्याच गावातला असेल.